सरांची युरोची वही: सांगलीतलं एक प्रकरण

हे प्रकरण माझ्या एका ग्राहकाचं आहे. त्यांना विचारूनच लिहितोय. हुद्दा, ठिकाण आणि काही रकमा बदलल्या आहेत, घटनाक्रम मात्र आहे तसाच ठेवलाय. मी सांगलीत म्युच्युअल फंड वितरक म्हणून काम करतो. गणपती पेठेत माझं छोटं ऑफिस आहे. समोर हळदीचे व्यापारी, शेजारी बेदाण्याचे दलाल. परकीय चलन हा माझ्या रोजच्या कामाचा विषय नव्हता आणि प्रकरणाची सुरुवात नेमकी तिथूनच होते.

पार्श्वभूमी

सर ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतात. वय 52. विश्रामबागेत फ्लॅट, त्याचं कर्ज संपत आलेलं. दरमहा ₹15,000 ची एसआयपी, थोड्या ठेवी, वहिनींचे दागिने. तासगाव तालुक्यात वडिलोपार्जित द्राक्षबाग आहे. ती थोरले बंधू बघतात, त्यांना घरात सगळे आबा म्हणतात. मुलगी तेव्हा इंजिनिअरिंगला होती आणि पुढच्या शिक्षणासाठी जर्मनी पक्कं केलं होतं.

जून 2023 मध्ये सर ऑफिसात आले आणि म्हणाले, "फॉरेक्स ट्रेडिंग शिकावं म्हणतोय. तुमचं काय मत?"

त्यांच्याकडे कारणं होती आणि ती चांगली होती. दहा वर्षांपूर्वी 60 च्या आसपास असलेला डॉलर 82 वर आलाय, म्हणजे वर्षाला सरासरी 3 टक्के, हे त्यांनी मनातल्या मनात काढलेलं होतं. मुलीचा खर्च युरोत होणार. सराफ कट्ट्यावर सोन्याचा भाव विचारला तरी त्यात डॉलर असतोच, कारण सोनं आयात होतं, बाहेरचा भाव डॉलरमध्ये ठरतो आणि त्यावर आपलं आयात शुल्क चढतं. "माझे सगळे पैसे रुपयात आणि मोठे खर्च मात्र परक्या चलनात. मग ते चलन कसं हलतं ते कळायला नको?"

मी म्हणालो, "सर, त्या भानगडीत पडू नका." दोन मिनिटांत विषय संपवला आणि त्यांच्या एसआयपीचा फॉर्म पुढे केला.

अडचण

भानगडीत ते पडलेच, फक्त मला न सांगता.

एका माजी विद्यार्थ्यानं त्यांना टेलिग्रामवरच्या एका ग्रुपमध्ये घेतलं. तिथं रोज संध्याकाळी युरो-डॉलरचे 'कॉल', म्हणजे घ्या-विकाच्या सूचना, यायचे आणि एका अॅपवर सौदे व्हायचे. सर अगदीच बेसावध नव्हते. रिझर्व्ह बँक अनधिकृत फॉरेक्स प्लॅटफॉर्मची सावधानतेची यादी काढते हे त्यांनी वाचलं होतं. 2022 च्या सप्टेंबरमध्ये ती पहिल्यांदा आली तेव्हा तीत 34 नावं होती. सरांनी यादी उघडली, अॅपचं नाव शोधलं, ते नव्हतं. झालं, निर्धास्त झाले. ही यादी परिपूर्ण नाही, नाव नसलं म्हणजे परवानगी आहे असं समजू नका, असं रिझर्व्ह बँक स्वतःच सांगते. शोधायची ती अधिकृत संस्थांची यादी. भारतात राहणाऱ्याला परकीय चलनाचे सौदे अधिकृत बँकांमार्फत, रिझर्व्ह बँकेनं मान्यता दिलेल्या प्लॅटफॉर्मवर किंवा मान्यताप्राप्त शेअर बाजारांतच करता येतात, तेही ठरावीक कारणांसाठी. परदेशातल्या अॅपवर मार्जिन, म्हणजे सौद्याच्या रकमेचा थोडा भाग, भरून युरो-डॉलर खेळणं फेमा या परकीय चलनाच्या कायद्यात बसत नाही.

जुलैत त्यांनी ₹40,000 भरले. यूपीआयनं, कुठल्याशा एंटरप्रायझेसच्या खात्यात. दुसऱ्या वेळी खात्याचं नाव वेगळंच होतं. विचारलं तर उत्तर आलं, "पेमेंट गेटवे बदलत असतो सर." ऑगस्टमध्ये त्यांनी ₹12,000 काढून बघितले, आले. त्या बारा हजारांनीच घात केला. विश्वास बसला आणि सप्टेंबरमध्ये ठेव मोडून आणखी ₹1,45,000 गेले.

अॅपवर 1:500 लिव्हरेज होतं. म्हणजे ₹40,000 वर दोन कोटींचा सौदा. दर तुमच्या विरुद्ध 0.2 टक्के गेला की भांडवल साफ. युरो-डॉलर एखाद्या साध्या दिवशीही अर्धा टक्का हलतो. हे गणित अकरावीचं पोरगं फळ्यावर करून दाखवेल आणि सर तर अकरावीलाच शिकवतात. नंतर मी त्यांना यावर छेडलं तेव्हा म्हणाले, "गणित केलं होतं हो. पण स्क्रीनवर हिरवा आकडा दिसत होता."

हिरवा आकडा ₹4,10,000 वर गेला तेव्हा त्यांनी पैसे काढायला अर्ज केला. निरोप आला, आधी नफ्यावर 18 टक्के जीएसटी भरा. तिथं त्यांची ट्यूब पेटली. ग्रुपमधून त्यांना काढून टाकण्यात आलं. त्या हिरव्या आकड्यामागे खरोखर एकही सौदा झाला होता का, याबद्दल मला शंकाच आहे. पैसे युरोपात सोडाच, देशाबाहेरही गेले नसावेत.

खरा दणका नोव्हेंबरमध्ये बसला. सरांचं पगाराचं खातं गोठलं. ऑगस्टमध्ये आलेले ₹12,000 अॅपच्या कंपनीचे नव्हतेच, परराज्यातल्या दुसऱ्या एका फसवल्या गेलेल्या माणसाचे होते. त्यानं तक्रार केली, तिथल्या सायबर पोलिसांनी पैशांचा माग काढला आणि तो माग विश्रामबागेपर्यंत आला. गृहकर्जाचा हप्ता परत गेला. त्या दिवशी सर माझ्याकडे आले. वहिनी बरोबर होत्या. त्यांना खातं गोठल्याचं कळलं होतं, पावणेदोन लाख गेल्याचं मात्र नाही. ते माझ्यासमोर त्या खुर्चीवर बसूनच कळलं.

समोर असलेले पर्याय

तक्रार करायची की नाही, हा पहिला प्रश्न. सरांना भीती वाटत होती की फेमाचा भंग आपणही केलाय. ती अगदीच खोटी नव्हती, कारण त्या कायद्यात रकमेच्या तिपटीपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण गप्प बसलं तर गोठलेल्या खात्याबद्दल काय सांगणार? आपणही फसलोय हे नोंदवल्याशिवाय ते बारा हजार कुठून आले याचा खुलासा होणार नव्हता. इथं माझ्या मनात काही गोंधळ नव्हता, तक्रार करायचीच.

दुसरा प्रश्न जास्त अवघड होता. सर म्हणाले, "आता नीट, कायदेशीर मार्गानं करतो. एनएसईवर चलनाचे फ्युचर्स आहेत की. गेलेले तिथूनच काढतो."

एनएसईवर डॉलर-रुपयाचे फ्युचर्स, म्हणजे पुढच्या तारखेचा दर आज ठरवायचे करार, 2008 च्या ऑगस्टपासून आहेत हे खरं. एक लॉट, म्हणजे एक करार, 1,000 डॉलरचा. दर एक पैसा हलला की दहा रुपये. मार्जिन दोन-तीन हजारांत बसतं. परवडणारं, पारदर्शक, सेबीच्या देखरेखीखालचं. पण 'गेलेले काढायचे' ही भाषा कानावर आली की मी सावध होतो. मी त्यांच्यापुढे सेबीचा जानेवारी 2023 चा अभ्यास ठेवला. तो शेअरच्या फ्युचर्स-ऑप्शन्सचा आहे, चलनाचा नाही, पण माणसं तीच असतात. त्यात 2021-22 मध्ये 89 टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात होते.

तिसरा पर्याय वहिनींचा होता. हा विषय घरात पुन्हा काढायचा नाही, बस्स. समजण्यासारखं होतं. पण जर्मनी काही रद्द झाली नव्हती. चलन शिका किंवा शिकू नका, वर्षभरात दहा लाखांचे युरो घ्यावेच लागणार होते.

म्हणून मी चौथा मांडला. शिकायचं, पण पैसे न लावता, आणि डोळ्यापुढे नफा न ठेवता मुलीचे युरो ठेवायचे. दुरेघी वही घ्या. रोज तीन गोष्टी लिहा: उद्याचा अंदाज, त्याचं कारण, आणि दुसऱ्या दिवशी झालं काय. मीही शिकतो म्हणालो. खरं सांगायचं तर मला जूनमधल्या त्या दोन मिनिटांची लाज वाटत होती.

वहिनींनी एक अट घातली. वही डायनिंग टेबलवर राहील, कपाटात नाही.

काय केलं

1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन, सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार, जवळच्या पोलिस ठाण्यात अर्ज. पगार दुसऱ्या खात्यात वळवला. परराज्यातल्या त्या ठाण्याला खातेउतारा, टेलिग्रामवरचे मेसेज आणि स्वतःच्या तक्रारीची प्रत ईमेलनं पाठवली, मग फोन, मग पुन्हा ईमेल. अडीच महिन्यांनी ₹12,000 अडकवून ठेवून बाकीचं खातं मोकळं झालं.

वही डिसेंबर 2023 पासून सुरू झाली. पहिला महिना नुसता करमणुकीचा. डॉलर-रुपया इतका स्थिर होता की सर कंटाळले. 83 च्या आगेमागे काही पैसे, बस. "हे काय हलतच नाही," म्हणाले. का हलत नाही, यातून पहिला धडा निघाला: रुपया फार वर-खाली जाऊ नये म्हणून रिझर्व्ह बँक स्वतः डॉलर विकते आणि विकतही घेते. अमेरिकेतली रोजगाराची आकडेवारी साधारण महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी येते, आपल्या घड्याळात संध्याकाळी सहा किंवा हिवाळ्यात सातला. आपला डॉलर-रुपयाचा बाजार पाचला बंद. म्हणजे बातमी येते तेव्हा दुकान बंद असतं आणि सोमवारी दर उडी मारूनच उघडतो. स्टॉपलॉस (ठरावीक तोट्याला सौदा आपोआप बंद करायची सूचना) लावला म्हणून निवांत झोपणाऱ्याला हे माहीत हवं.

मार्चअखेर मोजदाद केली. 61 अंदाज, त्यातले 34 बरोबर. सर खूश. मग मी म्हणालो, आता पैशात मोजा. कागदावर ₹2,900 चा तोटा होता. बरोबर आलेले अंदाज चार-पाच पैशांचे, चुकलेले पंधरा-वीस पैशांचे. सर बराच वेळ वहीकडे बघत बसले, मग चष्मा काढून पुसला. गेलेले पैसे बाजारातून काढायची भाषा त्यानंतर त्यांच्या तोंडून मी ऐकली नाही. माझ्या भाषणानं हे झालं नसतं.

तेवढ्यात नियमांनीही वळण घेतलं. रिझर्व्ह बँकेनं 5 जानेवारी 2024 ला परिपत्रक काढून स्पष्ट केलं की शेअर बाजारातल्या रुपयाच्या चलन-सौद्यांमागे खरी, कराराने ठरलेली परकीय चलनाची देणी-घेणी असली पाहिजेत. 10 कोटी डॉलरपर्यंत कागद दाखवावे लागत नाहीत, पण व्यवहार असावा लागतो. एप्रिलच्या सुरुवातीला ब्रोकरांनी लोकांना सौदे बंद करायला सांगितलं, एकच पळापळ झाली, मग अंमल 3 मेपर्यंत पुढे ढकलला गेला. त्यानंतर या बाजारातली उलाढाल पार आटली. नुसत्या अंदाजावर डॉलर-रुपया खेळण्याचा रस्ता सामान्य माणसाला बंदच झाला म्हणा. जुन्या लेखांत, व्हिडिओत आजही तो उघडा असल्यासारखा सांगतात, म्हणून इथं मुद्दाम लिहिलं.

जुलै 2024 मध्ये मुलीच्या व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे महिन्याला ठरावीकच रक्कम काढता येणाऱ्या खात्यात, 11,208 युरो भरायचे होते. (1 सप्टेंबरपासून ही रक्कम 11,904 झाली, त्याआधी काम उरकलं.) सर बँकेत गेले. अधिकाऱ्यानं चिठ्ठीवर दर लिहिला: 93.10. सरांनी खिशातून वहीचं फाडलेलं पान काढलं. त्यावर सकाळचा बाजारभाव होता, 90.60.

"साहेब, अडीच रुपये कशाचे?"

अधिकारी म्हणाला, हा कार्ड रेट आहे, सगळ्यांना हाच.

"ट्रेझरीला विचारून बघा की."

अधिकाऱ्यानं ट्रेझरीला, म्हणजे बँकेच्या चलन सांभाळणाऱ्या विभागाला, फोन लावला. वीस मिनिटं आणि एका चहानंतर 91.60 मिळाला. ₹16,812 वाचले, तेही कुठला अंदाज न बांधता. सात महिन्यांच्या वहीची ही पहिली खरी कमाई. सात लाखांवरच्या रकमेवर 5 टक्के टीसीएस, म्हणजे बँकेनं आगाऊ घेतलेला कर, कापला गेला, साधारण ₹16,300. पण तो आयकरात वळता होतो, खर्च नाही. हे वहिनींना पटवायला मात्र रिटर्न भरेपर्यंत थांबावं लागलं.

फेब्रुवारी 2025 चा निर्णय

हा भाग मला सगळ्यात जास्त शिकवून गेला. दुसऱ्या वर्षासाठी ऑक्टोबरपर्यंत 11,904 युरो लागणार होते. डॉलर 87 च्या वर गेला होता, पेपरात रोज 'रुपया घसरला'. युरो मात्र 90-91 वरच. सर म्हणाले, "सगळे आत्ताच पाठवू. रुपया पडतोय."

बाजारात युरो-रुपयाचे फ्युचर्स आहेत, 1,000 युरोचा लॉट, म्हणजे बारा लॉट. त्याचाही विचार केला. पण पुढच्या महिन्यांच्या करारांत सौदे जवळपास होत नव्हते. रोजचा तोटा रोज रोख भरावा लागतो. आपले व्याजदर युरोपपेक्षा जास्त असल्यानं पुढच्या तारखेचा युरो आजच्यापेक्षा महागच लावलेला असतो. शिवाय ब्रोकरच्या फॉर्मवर 'कराराने ठरलेली देणी आहेत' अशी सही करायची होती. मुलीच्या घरभाड्याला आणि किराण्याला कसला करार दाखवणार? सर म्हणाले, एकदा कायद्याच्या कडेवरून चाललो, पुन्हा नाही. तो पर्याय तिथंच मिटला.

मी सुचवलं, तीन भाग करू. फेब्रुवारी, मे आणि ऑगस्टमध्ये प्रत्येकी 3,968 युरो. थेट मुलीच्या तिथल्या खात्यात. बँकेचा दर धरून अनुक्रमे 91.50, 97.20 आणि 103 पडले.

गंमत अशी, की सरांचं कारण चुकलं होतं आणि निष्कर्ष बरोबर आला. मे महिन्यात डॉलर उलट 85 च्या आसपास खाली आला होता. रुपया सावरला होता! पण त्याच काळात युरो डॉलरच्या तुलनेत 1.04 वरून 1.13 आणि पुढे 1.17 कडे गेला. युरो-रुपया म्हणजे दोन दरांचा गुणाकार, युरो-डॉलर गुणिले डॉलर-रुपया. आम्ही दोघंही एकाच आकड्याकडे बघत बसलो होतो. सरांनी वहीत त्या दिवसापासून दोन रकाने केले.

निष्पत्ती

तीन हप्त्यांत मिळून ₹11.57 लाख गेले. सगळे फेब्रुवारीत घेतले असते तर सुमारे ₹68,000 वाचले असते. ऑगस्टपर्यंत थांबलो असतो तर जवळपास तेवढेच जास्त गेले असते. याला मी यश म्हणत नाही आणि अपयशही नाही. पुढचं ठाऊक नसताना मधला भाव मिळणं एवढंच विभागून घेण्यात असतं.

अॅपमध्ये गेलेल्या ₹1,73,000 पैकी आजवर काही हाती आलेलं नाही. पैसे घेणाऱ्यांच्या एका खात्यात ₹9,000 अडकवल्याचा मेसेज आला होता, पण ते अजून सुटलेले नाहीत.

आता वाटतं, वेगळं काय करता आलं असतं

पहिली चूक माझी. जून 2023 मध्ये सरांनी रास्त प्रश्न विचारला आणि मी तो झटकला. कायदा काय म्हणतो, कुठं चालतं, कुठं नाही, लिव्हरेज म्हणजे काय, हे अर्ध्या तासात सांगता आलं असतं. मला ते तेव्हा नीट येत नव्हतं, ही खरी गोष्ट. जे येत नाही त्याला 'भानगड' म्हणून मोकळं होणं सोपं असतं. माझ्याकडून न मिळालेलं उत्तर त्यांनी टेलिग्रामवर शोधलं.

दुसरी गोष्ट, खात्याचं नाव. पैसे घेणारी कंपनी एक आणि यूपीआयवर दिसणारं नाव भलतंच, हे सरांना पहिल्याच दिवशी खटकलं होतं. तिथंच हात आखडता घ्यायला हवा होता. आणि 'थोडे काढून बघू' ही चाचणी फसवी आहे. थोडे पैसे परत देणं हा त्यांच्या धंद्यातला खर्चच असतो, आणि ते पैसे कुणाचे असतात ते आपण पाहिलंच.

फेब्रुवारीत निम्मे पाठवायला हवे होते का? खर्च नक्की, तारीख नक्की, पैसे ठेवीत पडून. अशा वेळी समान तीन भागांपेक्षा आधी मोठा भाग उचलणं आज मला जास्त योग्य वाटतं. पण युरो उलटा 85 ला आला असता तरी मी हेच लिहिलं असतं का, हे मला छातीठोकपणे सांगता येत नाही.

बँकेच्या बाबतीत एक राहून गेलं. क्लिअरिंग कॉर्पोरेशनचा एफएक्स-रिटेल नावाचा प्लॅटफॉर्म 2019 पासून आहे. त्यावर सामान्य ग्राहकाला बाजाराच्या जवळपासच्या दरानं बँकेमार्फत चलन घेता येतं. आम्हाला तो उशिरा कळला. शाखेत विचारलं तर तिथं कुणी नाव ऐकलेलं नव्हतं. तिथं युरोही मिळाला असता, तर 91.60 ऐवजी आणखी कमी पडलं असतं.

डिसेंबर 2025 मध्ये डॉलरनं 90 ओलांडले, त्याच सुमारास आबा कामानिमित्त सांगलीत आले होते. त्यांची बाग निर्यातदाराला जाते. माल युरोपात युरोत विकला जातो, आबांना मात्र किलोला ठरलेले रुपये मिळतात. टेबलवरची वही चाळत म्हणाले, "मागच्या साली युरो एवढा चढला, मग आमचं द्राक्ष का नाही चढलं वो?"

सरांनी मागच्या हंगामाची पानं काढून दिली. फेब्रुवारीत 90, एप्रिलअखेर 96. दर रुपयात ठरला की मधली वाढ निर्यातदाराची, आणि युरो पडला तर तोटाही त्याचाच, हे त्यांनी आबांना दोनदा समजावून सांगितलं.

"मग या साली बोलताना युरोत बोलू का?"

सर माझ्याकडे बघायला लागले. मी वही माझ्याकडे ओढली आणि कोऱ्या पानावर 'द्राक्ष' असं नाव टाकून रकाने आखायला घेतले.